छत्तीस नंबर

या सत्रात मला हवेत
उपटायला दोन दात, एक रूट कॅनॉल,
आणि अर्धी कवळी बसवायला एक अर्धं तोंड.
नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही.
तोंडं ज्याची त्याने शोधायची, असा नियम.

कोन्स्तान्सा एका टॅक्सीवाल्याला दर मंगळवारी जेवू घालते,
मग तो आपली दाढ घेऊन येतो.
मी औषधांच्या दुकानांत चिठ्ठ्या लावल्या,
वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारात बायकांपुढे
दातांच्या कण्या केल्या.
आ वासून बसले होते ते फक्त नदीकाठचे समुद्रसिंह.
दोघी हो म्हणाल्या. आल्या नाहीत.
एकीचे पैसे मी आधीच भरून बसले होते.

रात्री मी दात खाते.
रागाने नाही, झोपेत.
कोन्स्तान्सा म्हणते, कुणी शिंपले भरडतंय असं वाटतं.
याला काय म्हणतात ते आम्हाला शिकवलंय, उपायही:
ताण कमी करावा.
चार गुणांचा प्रश्न होता. मला चारही मिळाले.

घरी फोन केला की आई विचारते, जेवलीस?
मी विचारते, मोटर कशी आहे?
होडीची मोटर. माझी अवजारांची पेटी घेताना विकली,
हे धाकट्या रेनातोच्या तोंडून केव्हाच निसटलंय.
आई म्हणते, दुरुस्तीला दिलीय.
दीड वर्ष झालं, दुरुस्तीलाच आहे.
मी म्हणते, माझं सगळं छान चाललंय.

गुरुवारी बाबाच आले.
चिलोए बेटावरून फेरीबोट, मग बस, मग आणखी एक बस.
हातात बटाट्यांची पिशवी,
कोटाला चुलीच्या धुराचा वास,
शिंपल्यांचे दोर ओढून चिरलेली बोटं.
म्हणाले, तुला तोंड हवं होतं ना?
हे घे. फुकटचं आहे.

खुर्ची मागे झुकवली. दिवा ओढला.
आ करा, म्हणाले मी, माझ्या बापाला.

हसताना ते तोंडावर हात धरतात.
मला वाटायचं, लाजाळू आहेत.

वर सलग तीन जागा रिकाम्या.
हाड किती झिजलंय त्यावरून साधारण वर्ष सांगता येतं:
एक माझ्या प्रवेशाच्या वेळची,
एक मधली कधीतरीची,
एक यंदाची, अजून नीट भरलेली नाही.
शेजारचे दोन हलताहेत.
खाली डावीकडे छत्तीस नंबरची दाढ,
अर्धी गेलेली, काळी, तरी उभी.

ही कधीपासून दुखतेय?
तोंडात माझा आरसा होता,
त्यामुळे थाप मारता आली नाही.
त्यांनी बोटं वर केली. चार.
चार दिवस? मान हलली, नाही.
चार महिने?
पुढचं मी विचारलं नाही. मी चौथ्या वर्षाला आहे.

क्राउस मॅडम आल्या, वाकून पाहिलं, खूश झाल्या.
काय सुंदर केस मिळालीय तुम्हाला!
एकाच तोंडात अख्खं सत्र.
पलीकडच्या खुर्चीवरून कोन्स्तान्सा
हेव्याने बघत होती.

मग पैसे भरायची खिडकी.
फुकटचं नव्हतंच ते, दर दाताला दर ठरलेला.
मी पाकीट काढलं, बाबांनी मोज्यातून नोटा काढल्या.
मी त्यांचा हात ढकलला, त्यांनी माझा.
तोंडात कापूस, ओठ बधिर,
तरी ओरडले माझ्यावर, काहीतरी.
काय ते कळलं नाही.
मीही ओरडले, रांगेतले सगळे बघत असताना.
एकवीस वर्षांत आमचा कधी
छत्तीसचा आकडा नव्हता.
खिडकीतला माणूस म्हणाला, कुणाचे घेऊ?

अर्धे अर्धे घेतले त्याने.

बसथांब्यावर मी सूचना वाचून दाखवल्या,
सगळ्याच रुग्णांना दाखवतो तशा:
अर्धा तास कापूस घट्ट चावून धरा,
कितीही ठणकलं तरी तोंड उघडायचं नाही.
बाबांनी मान डोलावली.
हे त्यांना शिकवावं लागलं नाही.
आमच्या घरात सगळ्यांनाच येतं.

बस सुटल्यावर लक्षात आलं,
पिशवी माझ्याच हातात राहिलीय.
बटाट्यांखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून,
आईने भाजलेले बदाम पाठवले होते.
दाताने फोडायचे.